पावत्यांचा डबा

ब्रोकर घर दाखवायला नेतो तेव्हा दार उघडल्या उघडल्या आधी सगळे दिवे लावतो. भर दुपारी बारा वाजता सुद्धा. पंखे पण फुल स्पीडवर. पहिली दोनतीन घरं मी बावळटासारखी 'वा, काय उजेड आहे' करत बघितली. चौथ्या घरात लाइट गेले होते, तेव्हा दिसलं की बेडरूमच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीला लागतोय. तेव्हापासून कुठलंही घर बघायला गेले की मी पहिल्यांदा दिवे बंद करते, ब्रोकरचं तोंड वाकडं होतं, होऊ दे. मग बाथरूममधला नळ सोडायचा, एकदा फ्लश करायचा, ओट्याखाली मोबाइलचा टॉर्च मारून झुरळं बघायची, आणि छताला एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर विचारायचं, इथे लिकेज होतं का हो? ते 'नाही नाही' म्हणतात. असतंच.

हे शहाणपण २०१९चं. त्याआधी पाच वर्षं मी आधी घणसोलीला पीजीमध्ये आणि मग ऐरोलीला तिघींत मिळून एका टू बीएचकेमध्ये काढली. कराडहून आलेल्या मुलीला एवढं पण खूप होतं तसं. पण फ्रिजमधल्या स्वतःच्या दह्याच्या डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवताना एके दिवशी वाटलं, बास. मी तिशीला टेकलेय, मला माझं दही हवंय. ऑफिस ऐरोलीलाच, म्हणून पुलापलीकडे मुलुंड ईस्ट बघायला सुरुवात केली. मराठी वस्ती, भाजी चांगली मिळते, सेंट्रलची स्लो लोकल आणि मुख्य म्हणजे डम्पिंग ग्राउंड आदल्या वर्षी बंद झालं होतं. ब्रोकर दर दहा मिनिटांनी ते सांगायचा, 'मॅडम अब तो स्मेल भी नहीं आता', जणू काय त्यानेच बंद केलं.

घर बघायच्या आधी घर आपल्याला बघतं हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. फोनवरच परीक्षा. आडनाव काय? म्हणजे कुठले? फॅमिली का बॅचलर? बॅचलर हा शब्द ब्रोकर लोक बाईला पण लावतात, 'लेडीज बॅचलर' अशी स्वतंत्र कॅटेगरी आहे. नॉनव्हेज करता का? घरी कोण कोण येणार? आईवडील येऊन राहतील का, म्हणजे राहावेत अशी मालकाची इच्छा असायची, त्यांनी कायमचं राहावं आणि मी अधूनमधून यावं असं असतं तर सगळ्यात उत्तम. एका बाईंनी घर दाखवून, चहा देऊन, दारापर्यंत सोडायला येऊन विचारलं, 'पण लग्न का नाही केलं अजून?' मी म्हटलं घर मिळत नाहीये काकू. त्या हसल्या, मी पण हसले, घर काही मिळालं नाही.

शेवटी जे मिळालं ते मिठागर रोडजवळ, चार मजली जुन्या सोसायटीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. सेमी फर्निश्ड, म्हणजे तीन पंखे, चार ट्यूबलाइट आणि एक गोदरेजचं कपाट ज्याचा लॉकर उघडत नव्हता, अजून उघडत नाही, आत काय आहे देव जाणे. कार्पेट ३६० स्क्वेअर फूट. हॉलमध्ये सोफा टाकला की दार पूर्ण उघडत नाही, म्हणून सोफा नाही. किचन मात्र फर्स्ट क्लास, पूर्वेची खिडकी, कडप्प्याचा काळा ओटा, आणि त्या ओट्यावर गॅसच्या उजव्या हाताला एक बशीएवढा उथळ खड्डा. आधीच्या कोणी तरी वर्षानुवर्षं त्याच एका जागी खलबत्ता ठेवून कुटलं असणार. मी तिथेच आलं ठेचते, हात आपोआप तिथेच जातो. पाणी सकाळी सहा ते साडेआठ. भाडं २४,०००, डिपॉझिट एक लाख, ब्रोकरेज एका महिन्याचं. सोसायटीने सामान चढवायचे म्हणून वेगळे दोन हजार घेतले, लिफ्ट नसताना. कशाचे विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, 'जिन्याची झीज होते.' केंद्राच्या २०२१च्या मॉडेल टेनन्सी अॅक्टमध्ये घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याच्या वर नको असं म्हटलंय, पण तो नमुना कायदा, राज्याने घेतला तर लागू. एकदा रिन्युअलच्या वेळी मी हे ब्रोकरला ऐकवलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की लहान मुलाने चंद्र मागितलाय.

पण मला खरं सांगायचंय ते अॅग्रीमेंटबद्दल.

मी ते पहिल्यांदा वाचलं ते घरात राहायला आल्यावर, एका रविवारी, जमिनीवर बसून, कारण सोफा नाही. वाचायला लागले आणि लक्षात आलं की पंधरासोळा पानांत 'भाडं' आणि 'भाडेकरू' हे शब्द कुठेच नाहीत. मी 'लायसन्सी'. काका, म्हणजे मालक, 'लायसन्सर'. मी देते ते भाडं नाही, 'लायसन्स फी'. घर मला भाड्याने दिलेलंच नाहीये, तिथे राहायची परवानगी दिलीय फक्त. पाहुण्याला आपण म्हणतो ना, बसा हो, आपलंच घर आहे, तसलं काहीतरी, फक्त स्टॅम्प ड्युटी भरून. मुदत अकरा महिने. मुदत संपली आणि मी हलले नाही तर पुढे रोजच्या हिशोबाने दुप्पट फी. भिंतीला खिळा मारायचा तर लेखी परवानगी. (गणपतीचं कॅलेंडर मी दाराच्या कडीला लावते.)

अकराच का, बारा का नाही, हे मी खूप जणांना विचारलं. बहुतेक जण म्हणतात बारा झाले की भाडेकरूचा हक्क लागतो. तसं काही नाहीये. ती सवय १९०८च्या नोंदणी कायद्यातून आली, एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा असेल तर रजिस्टर करायला लागायचा, म्हणून लोक अकरावर थांबायचे आणि ते पैसे आणि हेलपाटा वाचवायचे. आता महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने कितीही महिन्यांचं असलं तरी अॅग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर्डच लागतं, ती जबाबदारी पण मालकाची. म्हणजे अकराचं कारण केव्हाच गेलं, आकडा तेवढा राहिला. आमच्याकडे कराडला जुन्या घरात एक कोनाडा आहे त्यात कंदील ठेवायचे, वीज येऊन साठ वर्षं झाली, पण त्यात दुसरं काही ठेवलं की आजी ओरडायची, तसंच.

दुसऱ्या रिन्युअलला मी काकांनाच म्हटलं, की काका आपलं एवढं पटतंय, तुमचं पण दरवेळी रजिस्ट्रेशनचे हजार रुपये आणि एजंटची फी जाते, थेट तीन वर्षांचं करू ना. लायसन्स करता येतं तसं. काका गप्प बसले. शांत माणूस, बँकेतून रिटायर झालेले, महिन्याच्या पाच तारखेला भाडं आलं की 'Received' असं न लिहिता 'पावले' असं मराठीत मेसेज करणारे. ते म्हणाले, बाळा, तुझ्याबद्दल काही नाही. आणि मग त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली.

वडिलांचा माटुंग्याला एक ब्लॉक होता. दोन खोल्यांचा. १९७१ साली ओळखीतल्या एका कुटुंबाला त्यांनी तो लीव्ह अँड लायसन्सवर दिला, दोन वर्षांनी मुलाचं लग्न झालं की परत घेऊ म्हणून. मध्येच कायदा बदलला. १ फेब्रुवारी १९७३ला जो कोणी लायसन्सवर जागेत राहत असेल तो कायद्याने भाडेकरू झाला. संरक्षित. भाडं वाढवता येणार नाही, काढता येणार नाही. एका रात्रीत. सरकारचं पण बरोबरच असेल एका बाजूने, कारण १९४७च्या भाडे कायद्यातून पळवाट म्हणूनच मालक लोक 'हे भाडं नाही, परवानगी आहे' असं कागदावर लिहून घ्यायला लागले होते, आणि त्या परवानगीवर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं टांगलेली होती. पण काकांच्या घरात त्याचा अर्थ असा झाला की लग्न होऊन काका आणि काकू आईवडिलांबरोबर परळच्या एका खोलीत अकरा वर्षं राहिले, मध्ये साडीचा पडदा, आणि स्वतःचा माटुंग्याचा ब्लॉक कोर्टात. वडील गेले तेव्हा केस चालूच होती. 'शेवटी त्या माणसाला पैसे देऊन आमचीच जागा आम्ही सोडवून घेतली,' काका म्हणाले, 'आणि तो माणूस काही वाईट नव्हता गं. दिवाळीला फराळ पाठवायचा.'

त्यानंतर मी तीन वर्षांचं बोलले नाही. आता कायदा वेगळा आहे, लायसन्सची मुदत संपली की मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत मिळवता येते, मला त्यात काही बचाव पण नाही फारसा, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. पण साडीचा तो पडदा काही कायद्याने निघत नाही. मुंबईत कितीतरी लोक घर रिकामं कुलूप लावून ठेवतील पण भाड्याने देणार नाहीत, मला आधी वाटायचं माज आहे. थोडा असेलही. बाकी मग असं काहीतरी असतं.

लॉकडाऊनमध्ये मी पाच महिने कराडला होते आणि बंद घराचं भाडं भरत होते. सरकारने मालकांना तीन महिने भाडं मागू नका अशी सूचना केली होती, मी सवलत मागितली नाही, पण काकांनी आपणहून पाच हजार कमी केले. परत आले तर कोपऱ्यात काळी बुरशी आणि पोपडे. असो.

तर डबा. माझी आत्या गिरगावात चाळीत राहायची. दहा बाय बाराची खोली, पुढे कॉमन गॅलरी, टोकाला संडास, गॅलरीत तिची तुळस आणि शेजारणीचा पोपटाचा पिंजरा. लहानपणी सुट्टीत कोयना एक्स्प्रेसने जायचो आम्ही, त्या खोलीत नऊनऊ माणसं झोपलेली मी बघितलीयेत. तिच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा एक जुना डबा आहे, त्यात भाड्याच्या पावत्या. पहिली १९५६ची, तिच्या सासऱ्यांच्या नावाची, भाडं रुपये सोळा. १९४७च्या त्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४०ला जे भाडं असेल ते गोठवून टाकलेलं, त्यामुळे पुढच्या पावत्यांवर आकडा हलतच नाही, हलतात ते फक्त कर आणि दुरुस्तीचा सेस. मग आतोबांच्या नावाच्या पावत्या, मग आतोबा गेल्यावर आत्याच्या नावाच्या. शेवटची पावती तीन महिन्यांची मिळून चारशेच्या घरात. मी एकटी महिन्याला चोवीस हजार भरते हे ऐकून ती दरवेळी नव्याने हादरायची. 'एवढ्यात तर आमची अख्खी चाळ येईल!'

मला तिचा हेवा वाटायचा हे खरंय. पण मी तिथे राहिले असते का? छतातून माती पडायची. चारशे रुपयांत मालक काय दुरुस्ती करणार, आणि जी वस्तू आपली असून आपली नाही तिला तो पैसे का लावेल? म्हाडा येऊन लोखंडी टेकू लावून गेली होती, ते टेकू दहा वर्षं तिथेच, पोरं त्यांना धरून गोल फिरायची. तिला कोणी काढू शकत नव्हतं आणि ती बिल्डिंग कधीपण पडू शकत होती.

गेल्या वर्षी चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. नव्या टॉवरमध्ये कमीत कमी ३०० स्क्वेअर फूट, मालकी हक्काने, आणि तोपर्यंत बिल्डर महिन्याचं भाडं देणार. त्या भाड्यात गिरगावात काही मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून एकाहत्तराव्या वर्षी आत्या मुलुंडला आली, माझ्याजवळ, पण माझ्या घरात नाही. 'तुझं तू बघ, माझं मी बघते, मला रेडिओ मोठ्याने लागतो.' तिलाही तिचं दही हवं होतं बहुतेक.

मग पुन्हा तोच ब्रोकर, तेच दिवे. यावेळी मला वाटलं सोपं जाईल, म्हातारी बाई, एकटी, शाकाहारी, विधवा, कोणाला काय प्रॉब्लेम असणार? सात घरांनी नाही म्हटलं. आधी वयाचं विचारायचे, मग मुलगा काय करतो (नाहीये), मग जरा थांबून 'नाही म्हणजे उद्या काही झालं बिलं तर...' एकाने तर हॉस्पिटल जवळ असलेलं घर बघा असा सल्ला दिला. मी तिशीत एकटी म्हणून नको होते, ती सत्तरीत एकटी म्हणून नको. एकटीने राहायचं योग्य वय मला वाटतं पंचेचाळीस ते पंचेचाळीस असावं. शेवटी मीच काकांना फोन केला. त्यांच्या ओळखीत दोन गल्ल्या सोडून एक तळमजल्याचं वन आरके होतं. काकांनी तिथे शब्द टाकला, म्हणाले, 'मी ओळखतो या लोकांना. पाच तारीख चुकत नाही.'

अॅग्रीमेंटला एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन तिच्या नव्या खोलीतच आला. हल्ली सगळं असंच, घरबसल्या. सामान अजून गोणीत, आत्या इस्त्रीचं पातळ नेसून स्टुलावर बसलेली, फोटो काढणार म्हणून पावडर लावून. मी वाचून दाखवत होते. लायसन्सी म्हणजे तू असं म्हटल्यावर ती म्हणाली, 'लायसन कशाला? मला काय गाडी चालवायचीय?' मी सांगितलं, भाडेकरू नाही म्हणत आता. तिने विचारलं, 'मग काय म्हणतात?' तेच तर वाचलं की गं. 'आणि पावती?' पावती नाही, बँकेतून जातात पैसे. ती काही बोलली नाही.

मग अंगठा. तिचा अंगठा लागेना. एजंट म्हणाला, होतं असं म्हाताऱ्या माणसांचं, रेषा झिजतात. पन्नास वर्षं राखेने आणि मग पावडरने भांडी घासलेला अंगठा, मशीनला काही दिसतच नव्हतं. ओल्या फडक्याने पुसला, पदराला कोरडा केला, एजंटने खिशातून व्हॅसलीनची डबी काढली म्हणजे त्याला हे नेहमीचंच असणार. तीनदा लाल. 'आजी, जोरात नका दाबू, नुसता ठेवा.' पाचव्यांदा लाल. तिने विचारलं, 'डावा चालेल का?' डावा लावला आणि हिरवा लागला, एजंट म्हणाला 'झालं', आणि तिने उगाचच मला विचारलं, 'नापास तर नाही ना केलं?'

आठवड्याने प्रिंट आली. मी तिला म्हटलं, पीडीएफ आहे मोबाइलवर, कागद नको सांभाळू. ती ऐकणार थोडीच. गोणीतून डबा काढला. अॅग्रीमेंट ए-फोर साइजचं, जाडजूड, एकदा दुमडलं तरी आत जाईना. तिने ते दोनदा दुमडलं, तरी झाकण बसेना, मग वरच्या काही पावत्या काढून आडव्या ठेवल्या, झाकणावर हाताचा तळवा ठेवून सगळं वजन टाकलं, आणि ते टक्क करून बसलं. मग मला म्हणाली, वर ठेव माळ्यावर, पण असं ठेव की अकरा महिन्यांनी काढता येईल.